वैशाखातला नाताळ

ठिबकची नळी चोंदली की हिलालभाऊ तिचं टोक तोंडात धरून फुंकतात आणि कान देऊन ऐकतात. बारीक शिट्टी वाजली तर आत क्षार साचलेत, फसफस झाली तर शेवाळ, आणि नुसतीच हवा निघून गेली तर नळी कुठंतरी उंदरानं कुरतडलीय. कंपनीची शिकलेली पोरं दाब मोजायचं यंत्र घेऊन येतात, अर्धा दिवस वावरात फिरतात, आणि शेवटी हिलालभाऊंच्याच दाराशी येऊन उभी राहतात. भाऊ त्यांना आधी पाणी पाजतात, मग थोडं चिडवतात, मग नळी फुंकतात.

वय एकसष्ट. नरडाण्याच्या स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावरचं गाव. शिक्षण दहावी, तीही दुसऱ्या झटक्यात. अशा माणसानं आफ्रिकान्स नावाच्या भाषेतली तीनशे बारा पानांची कादंबरी मराठीत आणली असं मी सांगितलं, तर तुम्ही म्हणाल, फेका, फेकायला काय जातं! गावानंही तेच म्हटलं. पारावर बसणाऱ्यांना तर महिनाभराची करमणूक झाली. पण करमणूक करणाऱ्यांपैकी एकानं तरी आयुष्यात तीनशे पानं लिहिलीत का? वाचलीत का, ते तर विचारूच नका.

झालं असं. सन दोन हजार चारची गोष्ट. यावलच्या केळीच्या बागांमध्ये हिलालभाऊंचं ठिबकचं काम पाहून जळगावच्या एका कंपनीनं त्यांना दक्षिण आफ्रिकेला पाठवलं. आठ महिन्यांचं काम होतं. होळी झाली आणि भाऊ निघाले. बायको झुंबरबाई, मुलगी भाविका चार वर्षांची. झुंबरबाईंनी आपल्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवून सुतळीनं बांधून दिली. कंपनीचा माणूस हसला, म्हणाला, "भाऊ, परदेशात गोधडी?" भाऊ म्हणाले, "परदेशात माणसं झोपत नाहीत का?" आणि गोधडी काखेत मारून विमानात बसले.

आठ महिन्यांची झाली अकरा वर्षं. बागेच्या मालकानं सोडलंच नाही. दोन वर्षांतून एकदा, दिवाळीच्या आगेमागे, महिनाभर घरी यायचं आणि परत जायचं.

तिथलं गाव नरडाण्याएवढंच. एक स्टेशन, एक चर्च, धान्याची एक उंच कोठी, आणि भोवती मैलोगणती केळी-संत्री. केळीला ते पिसांग म्हणतात. वडीलधाऱ्या माणसाला ऊम म्हणायचं, बाईला तान्नी. भाऊंना बरं वाटलं. चला, इथंही नाना आणि अक्का आहेतच की! भाषा त्यांनी कानानंच उचलली, जशी नळीची शिट्टी उचलतात तशी. मुकादम ओरडायचा, भाऊ ऐकायचे, आणि संध्याकाळी पत्र्याच्या खोलीत तेच शब्द स्वतःशी पुन्हा ओरडायचे.

मालकाची आई ऐंशीच्या पुढची, शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. तिच्या गुलाबांना भाऊंनी ठिबक बसवून दिलं. त्या तान्नीनं एक दिवस विचारलं, "ऐकून बोलतोस, मग बघून का वाचत नाहीस?" आणि दर रविवारी दुपारी कॉफी, दगडासारखा कडक टोस्ट आणि एका कादंबरीचं एक पान, असा शिरस्ता पडला. पान पुरं झाल्याशिवाय दुसरा टोस्ट नाही. शाळेत दोनदा दहावीला बसलेला माणूस पंचेचाळिसाव्या वर्षी पाटीवर बसला, आणि सहा वर्षं, तिथं असताना, एकही रविवार चुकला नाही. याला म्हणतात जिद्द.

ती कादंबरी त्याच गावाची. साठ-सत्तर वर्षांपूर्वी तिथं आलेल्या एका शास्त्रज्ञाची. माती तपासायला आलेला हा एकटा माणूस. घरात काचेच्या सहाशे बाटल्या, प्रत्येकीत एकेका वावराची माती. नावामागे डॉक्टर लागलेलं, म्हणून गावकरी आधी पोटदुखीवर औषध मागायला यायचे. हा औषध देत नाही असं कळल्यावर हसायला लागले. पाण्यानं दगा दिला त्या वर्षी मात्र सगळं गाव त्याच्या दाराशी उभं राहिलं. लिहिणारा त्याच गावचा पोस्टमास्तर. हिलालभाऊ वाचता वाचता म्हणायचे, हा माणूस मला ठाऊक आहे. वेडा ठरलेला आणि तरी रोज सकाळी उठून आपलं काम करणारा.

निघायच्या दिवशी तान्नीनं ते पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं. म्हणाली, "बायकोला वाचून दाखव. तू एवढी वर्षं कुठं होतास ते तिला कळू दे."

आता ऐका, खरी गोष्ट इथून सुरू होते.

भाऊ परत आले तेव्हा सगळं गाव विचारायला लोटलं. सिंह पाहिला का, हिरे सापडतात का, गोरे लोक हातानं जेवतात का. विचारलं नाही फक्त झुंबरबाईंनी. काहीच नाही. एक अवाक्षर नाही! चहा वेळेवर, भाकरी गरम, दुखलंखुपलं तर रात्रभर उशाशी बसणार. पण भाऊंनी "तठे ना, झुंबर..." असं सुरू केलं की बाई उठल्याच. "दूध उतू जाई," म्हणायच्या. दूध चुलीवर नसलं तरी.

हिलालभाऊंनी आपल्या मनाशी हिशोब मांडून टाकला. अकरा वर्षं ही बाई एकटी राहिली. तिची आई गेली तेव्हा आपण नव्हतो. भाविका गोवरानं फणफणली तेव्हा नव्हतो. राग येईल नाही तर काय आरती ओवाळेल? गुन्हा कबूल होता. पण शिक्षा कधी संपणार ते कोणी सांगत नव्हतं. आपल्या आयुष्याची अकरा वर्षं घरातल्या माणसाला नकोच आहेत, हे दुखणं कोणाला दाखवणार? नळी असती तर फुंकून पाहिली असती.

शेवटी त्यांना तान्नीचं बोलणं आठवलं. पुस्तक वाचून दाखवायचं. पण झुंबरबाईंना मराठी येतं, आफ्रिकान्स नाही. म्हणजे आधी मराठी करायला हवं. बस्स, बसले.

सात वर्षं लागली. ठिबकच्या जुन्या नकाशांचे मोठमोठे कागद घरात पडून होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर भाऊ लिहायचे. पहाटे वावरात पाणी सोडून यायचं आणि दहापर्यंत ओट्यावर बसायचं. शब्दकोश नाही, विचारायला कोणी नाही. वाक्य अडलं की डोळे मिटून तान्नीच्या आवाजात ते म्हणून पाहायचं, आणि मग वावरात जाऊन मोठ्यानं मराठीत. बैल दचकायचे. बागेतले मजूर जिथं बोलतात तिथं भाऊंनी त्यांना सरळ आपल्या अहिराणीत बोलायला लावलं. ऊमचं नाना केलं, तान्नीचं अक्का. वाचताना वाटतं, माणसं शिरपूर-शिंदखेड्याचीच, फक्त चर्चला जातात.

पहिलं प्रकरण झाल्यावर त्यांनी ते झुंबरबाईंपुढे वाचायला घेतलं. बाई तूर निवडत होत्या. त्या गावाचं नाव आलं मात्र, त्यांनी सूप उचललं आणि आत निघून गेल्या. दुसरा कोणी असता तर ते कागद चुलीत गेले असते. हिलालभाऊंनी दुसरं प्रकरण काढलं. पुरं झालं की कधीतरी ऐकेल, एवढ्याच आशेवर माणूस लिहीत राहिला. मला तर त्यांच्या सगळ्या कर्तबगारीत हेच मोठं वाटतं.

आणि एका ठिकाणी गडी फसला.

पुस्तकात वाक्य होतं: डिसेंबरच्या उन्हानं घरांचे पत्रे तडतडत होते. भाऊंचा हात थांबला. दक्षिण आफ्रिका पृथ्वीच्या खालच्या अंगाला, तिथं डिसेंबरात उन्हाळा आणि जूनमध्ये हिवाळा, हे त्यांनी अकरा वर्षं अंगावर काढलेलं. पण खानदेशात डिसेंबर म्हणजे शेकोटी! वाचणाऱ्याच्या अंगावर ऊन कसं पडायचं? तीन दिवस विचार केला आणि चौथ्या दिवशी ठिबकवाल्यानं ठिबकवाल्यासारखाच तोडगा काढला. तिकडची नळी इकडच्या नळीला बसत नसेल तर इकडच्या मापाचा सांधा लावायचा. डिसेंबरचा वैशाख केला, जूनचा पौष केला. अख्ख्या पुस्तकाचे महिने उन्हाप्रमाणे फिरवले.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण पुस्तकात नाताळ होता. सगळं गाव चर्चला गेलेलं, आणि शास्त्रज्ञ एकटाच घरात चार प्रकारची माती मांडून तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडतो, ओल कशी पसरते ते पाहत बसतो. भाऊंनी ते वाचलं आणि त्यांना आपलं घर दिसलं. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पाण्याच्या घागरीखाली मातीची चार ढेकळं ठेवतात, पावसाच्या चार महिन्यांची चार. जे जास्त भिजलं त्या महिन्यात पाऊस जास्त. मग काय! वैशाख तर होताच. भाऊंनी नाताळाची आखाजी करून टाकली.

कागदांची टंकलेली प्रत भाविकानं केली. ती आता धुळ्यात नोकरीला आहे. पोस्टमास्तराच्या मुलीला ईमेल करून तिनं परवानगीही मिळवली. धुळ्याचे जिनेशभाऊ शाळेच्या पुस्तकांचं दुकान चालवतात आणि हौस म्हणून वर्षाला दोन पुस्तकं छापतात. त्यांनी ती प्रत हेमांगी मॅडमांना वाचायला दिली. मॅडम कॉलेजात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या लाल पेनाला धुळ्यातले कवी अजून टरकतात. मॅडमांनी दोन दिवसांत वाचून पत्र पाठवलं: असा अनुवाद मी वर्षानुवर्षांत पाहिला नाही, छापायलाच हवा, फक्त महिने जागेवर आणा.

भाऊंनी फोन केला. "नाही मॅडम. महिने नाही."

तिकडची भाषा बोलताना नाही म्हणायचं तर वाक्यात दोनदा नाही म्हणावं लागतं. ती सवय भाऊंना लागलेली. मॅडमांना वाटलं, माणूस तापट दिसतो. पण पुस्तक सोडवेना, म्हणून भर उन्हात बसनं त्या स्वतःच आल्या. आखाजीचा आदला दिवस होता.

ओट्यावर बसून पाणी पिऊन होतंय न होतंय तोच वाद जुंपला.

"हिलालभाऊ, तुमच्या पुस्तकात आखाजीच्या दिवशी लोक नवे कोट घालून चर्चला निघालेत. वर पाद्री येशूच्या जन्माची कथा सांगतोय. वैशाखात!"

"ऊन वैशाखाचंच आहे, मॅडम. मी होतो तिथं. पाठ भाजलीय माझी."

"तुमची पाठ भाजली म्हणून पंचांग बदलतं होय?"

"डिसेंबर लिहिला तर आपल्या माणसाला थंडी वाजेल. त्याला ऊन लागायला पाहिजे."

"मग त्याला कळू द्या ना!" मॅडमांचा आवाज चढला. "भाऊ, तुम्ही एवढं लांबचं गाव इथं आणलंत, आणि त्यातली सगळ्यात नवलाची गोष्टच पुसून टाकलीत. तिथं डिसेंबरात अंग भाजतं आणि जूनमध्ये माणूस काकडतो, हे खरं आहे की नाही?"

"खरं आहे."

"मग ते झाकायचं कशाला?"

तेवढ्यात दारातून आवाज आला.

"मॅडम, तुम्हीन आते काय सांगं?"

झुंबरबाई वावरातून मागच्या दारानं आल्या होत्या. दुसऱ्या दिवशीच्या घागरीसाठी पदरात चार ढेकळं, कपाळावर घाम. दहा वर्षांत त्या गावाचं नाव निघालं की उठून जाणारी ही बाई आज जागची हलली नाही.

मॅडम म्हणाल्या, "काही नाही, अक्का, आमचा आपला महिन्यांचा वाद."

"तठे डिसेंबरमा उन्हाया ऱ्हास? खरंच?"

"हो तर. आपला उन्हाळा तेव्हा त्यांचा हिवाळा. सगळं उलटं."

"आनि जूनमा थंडी? दोन गोधड्या लागतीन इतली?"

मॅडमांना प्रश्नाचा रोख कळेना. "लागत असतील की. रात्री चांगला गारठा पडतो म्हणतात."

झुंबरबाई उंबऱ्यावर खाली बसल्या. ढेकळं मांडीवर तशीच. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, आणि हिलालभाऊंना त्या डोळ्यांत राग दिसला नाही. भीती दिसली, आणि तीही खूप जुनी.

मग बाई बोलल्या. मॅडम समोर आहेत याचंही भान त्यांना उरलं नव्हतं. भाऊ गेले त्या वर्षीचा जून. पाऊस यायचा होता, वीज गेलेली, पाठीवरून घामाचे ओघळ वाहत होते. शेजारच्या घरी फोन आला म्हणून झुंबरबाई धावत गेल्या. तीन मिनिटांचा फोन. आणि नवरा म्हणाला, "आठे लई थंडी शे, झुंबर. दोन गोधड्या लागतस."

"मी एक गोधडी बांधी देयेल व्हती," झुंबरबाई म्हणाल्या. "जूनमा कोणले थंडी वाजस? मी म्हनं, हाऊ मानूस खोटं बोलस. जठे सांगस तठे हाऊ नही. आनि दुसरी गोधडी कोनी?"

पुढे डिसेंबरात फोन आला. बाई शेकोटीशेजारून उठून गेलेल्या, आणि नवरा सांगतोय, घामानं निथळतोय. झालं! मनातली गाठ पक्की बसली: नवऱ्यानं दुसरीकडेच कुठं घर मांडलंय. विचारायचं तरी कोणाला? शेजारणीला विचारलं तर दुपारपर्यंत गावभर. लेकीला विचारलं तर बापाची शोभा. बाईंनी ते सगळं गिळलं आणि वरून झाकण लावलं. नवरा परत आला हेच पुष्कळ, तो कुठून आला ते विचारायचं नाही, अशी स्वतःलाच शपथ घातली.

हिलालभाऊ ऐकत होते. तिथला पहिला जून त्यांनाही नवलाचा वाटला होता, मुकादमाला चार वेळा विचारलं होतं. पण तीन मिनिटांत मुलीची खुशाली विचारायची की पृथ्वीचा गोल समजावायचा? आणि पुढे ते इतकं अंगवळणी पडलं की यात सांगण्यासारखं काही आहे हेच विसरले. अकरा वर्षं तिथली आणि दहा इथली. एकवीस वर्षं ही बाई एका थंडीपायी जळत होती, आणि आपण काय केलं? ज्या पुस्तकानं तिची गाठ सुटली असती, त्यात आपल्याच हातानं डिसेंबर खोडून वैशाख लिहिला!

"मंग माले का नही इचारं वं?" ते म्हणाले.

"इचारती, नि तुम्हीन आखो एक खोटं बोलतात तं? मंग मी काय करती?"

हेमांगी मॅडम शहाण्या बाई. त्या हळूच उठल्या आणि अंगणातल्या निंबाखाली जाऊन, जन्मात कधी निंब पाहिला नसल्यासारख्या वर बघत उभ्या राहिल्या.

झुंबरबाईंनी पदरानं डोळे पुसले. ढेकळांची माती गालाला लागली. खाली बघतच त्यांनी त्या गावाबद्दलचा आपला पहिला प्रश्न विचारला.

"ती दुसरी गोधडी कोनी व्हती?"

"तान्नीनी. मालकनी मायनी. अठ्ठ्याहत्तर वरीसनी म्हातारी व्हती ती."

बाईंनी मान हलवली. एक ढेकूळ उचलून दुसऱ्याशेजारी लावलं, परत उचललं.

"मंग आंगले लागेल कोणती व्हती? नि वरनी कोणती?"

तीनशे बारा पानांत एकेका शब्दासाठी चार चार दिवस बैलांना दचकवत फिरलेला हा माणूस. त्याला या वेळी क्षणभरही अडलं नाही.

"तुनी," हिलालभाऊ म्हणाले. "अकरा वरीस आंगले तुनीच. दुसरी वरथून."

झुंबरबाई उठल्या. चारही ढेकळं देवळीत नीट मांडून ठेवली, हात धुतले, निंबाखालच्या मॅडमांना चहासाठी हाक मारली, आणि आतून कागदांचा तो भला मोठा गठ्ठा स्वतः उचलून आणून नवऱ्याच्या पुढ्यात ठेवला.

"वाचा आते. पहिला पानपाईन," त्या म्हणाल्या आणि समोर मांडी घालून बसल्या. "आनि डिसेंबरले डिसेंबरच म्हना."